प्लँट हेड तयार मिळत नाही

प्रति,
पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांची संचालक मंडळे
विषय : कारखानाप्रमुखाची निवड, घडण आणि मुदत
निघोजे, ता. खेड, जि. पुणे

लाइन का थांबली, माल परत का आला, माणूस जखमी कसा झाला, करार का रखडला आणि वीजबिल का फुगले, या पाचही प्रश्नांचा जबाब कारखान्यात शेवटी एकाच खुर्चीकडे मागितला जातो. त्या खुर्चीवरच्या व्यक्तीला कुठे प्लँट हेड म्हणतात, कुठे वर्क्स मॅनेजर, तर मोठ्या कंपन्यांत व्हाइस प्रेसिडेंट ऑपरेशन्स. पाटीवर काहीही असो, काम एकच आहे : मिळालेल्या जागेत, यंत्रांत आणि माणसांत ठरलेला माल ठरलेल्या खर्चात, कोणाचे बोटही न तुटता, वेळेवर गेटबाहेर काढणे. या पदासाठी माणूस निवडणे हे संचालक मंडळाचे काम आणि तो घडवणे हेही मंडळाचेच. चाकण पट्ट्यात निवड जोरात चालते. घडण मात्र बऱ्याच ठिकाणी शेजारच्या कंपनीवर सोडून दिलेली असते.

कायद्याने मंडळ आणि शॉप फ्लोअर यांची गाठ केव्हाच बांधून ठेवली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात भोगवटादार आणि व्यवस्थापक अशा दोन जबाबदार व्यक्ती होत्या. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कंपनीचा भोगवटादार हा तिच्या संचालकांपैकीच एक असेल, असे ठरले. काही कंपन्यांनी कारखान्यातल्याच एखाद्या अधिकाऱ्याला भोगवटादार नेमून संचालकांना नामानिराळे ठेवायचा प्रयत्न केला. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली, तरी संचालकावरची जबाबदारी तिथेच आहे. म्हणजे प्लँट हेडची निवड चुकली, तर त्याची झळ बैठकीच्या टेबलापर्यंत येते, आणि ती यावी अशीच कायद्याची इच्छा आहे.

पट्ट्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को (म्हणजे पुढची टाटा मोटर्स) आणि बजाजचे कारखाने आले. १९९०च्या दशकाअखेरीस बजाज ऑटो चाकणला गेली. फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले आणि महिंद्राचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. या दोन्ही कारखान्यांच्या पत्त्यात निघोजे गावाचे नाव आहे. जिथे कांदा आणि ज्वारी निघत होती, तिथे आता रोबो वेल्डिंग करतात. साठच्या दशकातल्या पिंपरीत अनुभवी माणूस पळवून आणायचा म्हटले, तरी आणणार कुठून? शेजारी तसा कारखाना क्वचितच होता. आज तो कंपाउंडच्या भिंतीपलीकडे आहे. त्यामुळे माणूस घडवण्यापेक्षा उचलणे सोपे झाले आणि मंडळांना त्याची सवय लागली.

पळवायला फारसे कोणी नव्हते तेव्हा काय केले गेले, ते पाहण्यासारखे आहे. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ मध्ये स्थापन झाला आणि तिथे तयार झालेली पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे वाया गेली नव्हती. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी गाड्यांच्या आधी यंत्रे आणि हत्यारे बनवणारे विभाग उभे केले आणि जोडीला प्रशिक्षण विभाग काढला. त्या विभागातून निघालेले अप्रेंटिस पुढे अख्ख्या पट्ट्यात पसरले. भोसरीतल्या कित्येक छोट्या वर्कशॉपच्या मालकांचे पहिले शिक्षण तिथले. आजच्या मंडळाला अकरा वर्षे थांबणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण प्रशिक्षण विभाग हा खर्च आहे की यंत्रसामग्री, या प्रश्नाला मुळगावकरांनी दिलेले उत्तर आजही ग्राह्य धरण्याजोगे आहे.

प्लँट हेडची वाटचाल साधारण ठरलेली असते. इंजिनियरिंगची पदवी, कंपनीत ट्रेनी म्हणून प्रवेश, मग पाळीचा इंजिनियर. इथे काही वर्षे थर्ड शिफ्टही करावी लागते, आणि करावीच. त्यानंतर एखादा सेक्शन, मग पूर्ण शॉप : प्रेस, बॉडी, पेंट किंवा असेंब्ली. पंचेचाळिशीच्या आसपास कारखाना हाती येतो. सतीश बोरवणकर १९७४ मध्ये टेल्कोत ट्रेनी म्हणून लागले, २०१२ मध्ये कार्यकारी संचालक आणि २०१७ मध्ये टाटा मोटर्सचे मुख्य परिचालन अधिकारी झाले. पहिल्या हजेरीपासून त्या पदापर्यंत चार दशकांहून अधिक काळ गेला, तोही एकाच कंपनीत. पुण्यात शिकलेले गिरीश वाघ १९९२ मध्ये त्याच कंपनीत आले. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एस या छोट्या ट्रकच्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. त्या गाडीची आखणी करताना त्यांच्या चमूने तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांकडे जाऊन, त्यांना काय हवे ते विचारले होते. पुढे नॅनोचा कारखाना सिंगूरहून साणंदला हलवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. ही दोन्ही माणसे केवळ उत्पादनात वाढली नाहीत. व्हेंडर, गुणवत्ता, नवे प्रकल्प असे फिरत ती वर आली.

वाट इथेच दोन प्रकारांनी फसते. एक जण वीस वर्षे फक्त असेंब्ली चालवतो. लाइन पाठ असते, पण डायची देखभाल, व्हेंडरचे हिशेब आणि युनियनशी बोलणे यांतले काहीच येत नाही. दुसरा तिशीतच मुख्यालयात जातो आणि पंधरा वर्षे सादरीकरणे करून परत येतो. बायोडेटावर दोघेही भारदस्त दिसतात. दोघांकडेही नसते ती एकच गोष्ट, आणि ती मुलाखतीत दिसतही नाही : चांगल्या आकड्यावर संशय घेण्याची सवय.

आकडे कसे लागतात ते आधी पाहू. आठ तासांच्या पाळीची ४८० मिनिटे; जेवणाची ३० आणि दोन चहांची मिळून २० वजा केली की ४३० उरतात. पाळीत २१५ गाड्या काढायच्या असतील, तर दर दोन मिनिटांना एक गाडी लाइनवरून उतरली पाहिजे. याला टॅक्ट टाइम म्हणतात. एखाद्या स्टेशनवर बोल्ट बसेना म्हणून लाइन वीस मिनिटे उभी राहिली, तर दहा गाड्या गेल्या. त्या ओव्हरटाइमने भरून काढायच्या, तर मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. यंत्रांसाठी दुसरा आकडा असतो. यंत्र किती वेळ उपलब्ध होते, कोणत्या वेगाने चालले आणि चांगले नग किती निघाले, या तिन्हींचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के असे तीन आकडे सुटे वाचले की कोणीही खूश होतो. गुणाकार येतो ८४.६. सेइची नाकाजिमा यांनी रूढ केलेल्या, यंत्र-देखभालीच्या टीपीएम पद्धतीत ८५ टक्के हा चांगल्या कारखान्याचा मापदंड धरला जातो. मंडळासमोर यायला हवा तो गुणाकार; बहुतेकदा येतात ते तीन सुटे आकडे.

पण गुणाकार आला तरी त्यात सगळे येत नाही. एखाद्या मध्यम आकाराच्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा रॅम खाली येतो. हेतू साधा आहे : दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये हात राहत नाही. पाळीचे टार्गेट वाढते आणि एक दिवस एका बटणाच्या कडेला लाकडाची पाचर ठोकली जाते. बटण कायमचे दाबलेले राहते. ऑपरेटरचा एक हात मोकळा होतो. त्या हाताने तो पत्रा सरकवतो, दुसऱ्याने उरलेले बटण मारतो आणि तासाचे नग वाढतात. नव्या नियंत्रणांत दोन्ही बटणे सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक होत नाही, पण जुन्या प्रेसवर ही सोय नसते, आणि छोट्या व्हेंडरकडे बहुधा जुन्याच प्रेस असतात. सुपरवायझरला पाचर दिसते. टार्गेट त्याच्याही नावावर असते, म्हणून राउंडला तो दुसऱ्या बाजूने जातो. महिनाअखेरीस उत्पादकता वाढलेली दिसते आणि वरून कौतुकाचा ईमेल येतो.

ज्याने ट्रेनी असताना प्रेस शॉपमध्ये रात्री काढल्या आहेत, असा प्लँट हेड हा ईमेल पुढे पाठवत नाही. डाय तीच, पत्रा तोच, माणूस तोच, मग नग वाढले कुठून, असे विचारत तो खाली उतरतो. हा प्रश्न सुचण्यासाठी लागणारी वर्षे कोणत्याही भरती संस्थेकडून विकत मिळत नाहीत.

या सवयीचा खरा शत्रू आहे मंडळाने ठरवलेली मुदत. दोन-अडीच वर्षांत प्लँट हेड बदलायचा आणि त्याचा बोनस महिन्याच्या डिस्पॅचवर बांधायचा, ही पद्धत पट्ट्यात मुरली आहे. तिचा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो तो गुरुवारी. पिंपरी, भोसरी, चाकण या भागात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी परंपरेने गुरुवारची. देखभाल विभागाचा तो हक्काचा दिवस : कन्व्हेयरच्या साखळ्या तपासणे, हायड्रॉलिकचे तेल बदलणे, पेंट शॉपच्या टाक्या साफ करणे, हे सगळे त्या दिवशी होते. महिनाअखेर जवळ आली आणि गाड्या कमी पडत असल्या की गुरुवार उत्पादनाला दिला जातो. एक गुरुवार गेल्याने काही बिघडत नाही. ओळीने आठ-दहा गेले की यंत्र आतून झिजायला लागते, पण ते मोडते वर्ष-दीड वर्षाने. तोवर ज्याने गुरुवार खाल्ले तो बढती घेऊन दुसऱ्या प्लँटला गेलेला असतो आणि ब्रेकडाउनचे खापर नव्यावर फुटते. मंडळाच्या तक्त्यात पहिला कर्तबगार ठरतो, दुसरा नालायक. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की पट्ट्यात गुरुवार खाणाऱ्यांचीच एक पिढी वर येते.

म्हणून या पदाला किमान पाच वर्षे द्यावीत. पाच हा आकडा हवेतून आलेला नाही. वेतन करार साधारण तीन ते चार वर्षांचे असतात. पाच वर्षे राहणाऱ्या प्लँट हेडला स्वतः सही केलेला करार पाळावा लागतो आणि पुढच्या कराराला त्याच कामगार प्रतिनिधींसमोर बसावे लागते. दोन वर्षांत जाणारा काहीही कबूल करू शकतो किंवा काहीही नाकारू शकतो. बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते.

कामगारांशी असलेले संबंध हा या पदाचा असा भाग आहे, जो कुठल्याच कोर्समध्ये शिकवला जात नाही. टेल्कोतला १९८८-८९ चा संघर्ष शनिवारवाड्यासमोरच्या उपोषणापर्यंत गेला आणि पोलिसांनी रात्रीच्या वेळी ते मोडले. पुण्यातल्या जुन्या कामगारांना ती रात्र अजून आठवते. २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात २५ जूनला सुरू झालेले काम बंद आंदोलन सुमारे ५० दिवस चालले. कामगारांना कंपनीचे शेअर सवलतीने मिळावेत, ही त्या वेळची मागणी गाजली, आणि व्यवस्थापनाने ती मान्य केली नाही. दोन्ही ठिकाणी कोण बरोबर होते, हा इथला विषय नाही. लक्षात घ्यायचे ते हे की अशा आंदोलनाची चाहूल आधी कॅन्टीनमध्ये लागते : ताटे परत जातात, काळ्या फिती दिसतात, नेहमी बोलणारा माणूस बोलेनासा होतो. ती ओळखायला प्लँट हेड कॅन्टीनमध्ये जेवत असला पाहिजे, आणि अधिकाऱ्यांच्या वेगळ्या दालनात नव्हे.

गेल्या दोन दशकांत प्रश्नाचे रूप बदलले आहे. एकाच स्टेशनवर पर्मनंट, कंत्राटी आणि ट्रेनी असे तिघे शेजारी उभे असतात. बोल्ट तोच, टॉर्क तोच, पगार मात्र तीन प्रकारचे. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायदा सांगतो. तरीही कंत्राटी माणसाचे नाव अनेक प्लँट हेडना माहीत नसते आणि त्याच्या अपघाताचा आकडा वेगळ्या रकान्यात टाकला जातो. मंडळाने मागवायचा तक्ता एकच असावा, आणि त्यात गेटच्या आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण मोजलेला असावा.

गेटच्या बाहेरचे काम तर पदाच्या वर्णनात लिहिलेलेच नसते. जस्ट इन टाइम पद्धतीत सुट्या भागांचा साठा काही तासांपुरताच ठेवतात. तळेगाव चौकात कंटेनर अडकला की निघोज्यातली लाइन मंदावते. आषाढी वारीसाठी आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात, तेव्हा रस्ते बदलतात. ते दिवस स्थानिक माणसाच्या डोक्यात पक्के असतात, बाहेरून आलेल्याला ते आदल्या संध्याकाळी कळतात. भंगार, पाण्याचे टँकर, बस, मजूरपुरवठा यांची कंत्राटे कोणाला द्यायची, यावरून होणारी ओढाताण हाही रोजचा विषय आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांतल्या मुलांना काम हवे असते, आणि त्यांच्या नावावर दमदाटी करणारेही असतात. या दोघांतला फरक ओळखायला गावात ओळख लागते, आणि ती सहा महिन्यांत होत नाही.

व्हेंडरच्या शेडमध्ये काय चालते, हेही गेटबाहेरचेच. ८ डिसेंबर २०२३ रोजी इंद्रायणीपलीकडच्या तळवड्यात केकवरच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या एका विनापरवाना शेडला आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या महिलांचे बळी गेले. त्या शेडचा वाहन उद्योगाशी संबंध नव्हता. पण एकच दार असलेली, कोंदट, कोणाच्याच नोंदीत नसलेली जागा ही पट्ट्यात अपवाद नाही, आणि मोठ्या कंपन्यांचे काही भाग तिसऱ्या-चौथ्या हाताने अशाच जागांतून फिरून येतात. भागाची किंमत घासून घेणारा खरेदी विभाग तिथे कधी जात नाही. प्लँट हेडने जावे, आणि जाण्याचा अधिकार मंडळाने त्याला लेखी द्यावा.

महिलांच्या बाबतीत एक गोष्ट जुनी आणि एक नवी. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्या कंपनीत इंजिनियर म्हणून लागल्या. आता त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात एक संपूर्ण असेंब्ली लाइन महिला चालवतात. लाइनवरून शिफ्ट इन्चार्ज आणि तिथून शॉप हेड ही पुढची पायरी मात्र अजून फार थोड्यांनी चढली आहे. थर्ड शिफ्टची बस आणि पाळणाघर या दोन सोयींवर तिचे बरेच काही अवलंबून आहे, आणि दोन्हींचे बजेट प्लँट हेडच्या हातात असते.

शिडीची सर्वांत मोठी गळती डिप्लोमावाल्यांपाशी आहे. लातूर, बीड, नांदेड, अहिल्यानगरहून आलेली, आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलेली मुले निघोजे-महाळुंग्याच्या खोल्यांत चार-चार जण राहतात आणि यंत्र सर्वांत जवळून तीच ओळखतात. त्यांतला हुशार मुलगा पस्तिशीत सेक्शनचा आधार झालेला असतो. मग पदवी नाही म्हणून बढती थांबते आणि काल आलेल्या पदवीधराला शिकवण्याचे काम त्याच्याकडे येते. ही माणसे पुढे कंटाळून छोटे वर्कशॉप काढतात; पट्ट्याला त्याचा फायदा होतो, कंपनीचे नुकसान. अर्धवेळ पदवीसाठी पाळी बदलून देणे आणि फी भरणे यांचा खर्च एका बाहेरच्या अधिकाऱ्याच्या भरतीवर लागणाऱ्या कमिशनपेक्षा जास्त नाही. डिप्लोमावाला प्लँट हेड होऊ शकतो, हे निदान एकदा तरी झालेले दिसले की खालच्या दोनशे जणांचे काम बदलते.

या पदाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे कारखाना बंद करणे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि तिथले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला आणि २०२४ च्या जानेवारीत तो व्यवहार पूर्ण झाला. निर्णय दूरच्या मुख्यालयात होतो, तो सांगायला मात्र प्लँट हेडच उभा राहतो. यंत्रे नव्या मालकाकडे जातात. माणसे जातीलच असे नाही. असा दिवस येऊ शकतो हे धरून प्रत्येक कामगाराचे कौशल्य प्रमाणपत्रासह नोंदवलेले असावे, म्हणजे त्याला दुसऱ्या गेटवर जाऊन शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. हे काम कारखाना जोरात चालू असतानाच करायचे असते.

राहता राहिले हस्तांतर. सध्या जुना प्लँट हेड शुक्रवारी निरोपाचा हार घेतो आणि नवा सोमवारी येतो. दोघांना किमान तीन महिने एकत्र ठेवावे. त्या काळात नव्याने एक महिनाअखेर, देखभालीचा एक गुरुवार आणि एक पूर्ण थर्ड शिफ्ट जुन्याच्या सोबतीने पाहावी. कोणत्या यंत्राची देखभाल किती वेळा पुढे ढकलली, याची यादी दोघांच्या सहीने मंडळासमोर ठेवावी. ती यादी निघाल्याशिवाय जुन्याचा शेवटचा बोनस सोडू नये.